फ्रेंच शब्दांवरच्या रेघा आणि बोलण्यातला जोर

प्रश्न असा: ‘काफे’ हा शब्द फ्रेंचमध्ये लिहिताना शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ देतात, म्हणजे जोर तिथेच द्यायचा ना? आणि ज्या शब्दावर रेघच नाही, तिथे जोर कुठे?

जोर शेवटीच येतो, पण त्याचा रेघेशी काही संबंध नाही. ‘पारी’वर, म्हणजे पॅरिसवर, एकही रेघ नाही, तरी जोर ‘री’वर. ‘झेनेराल’मध्ये पहिल्या दोन्ही स्वरांवर रेघा आहेत आणि जोर मात्र ‘राल’वर! बऱ्याचदा घोळ होतो तो स्पॅनिशमुळे. तिथे ‘पापा’च्या शेवटी रेघ दिली की बाबा, नाही दिली की पोप (लॅटिन अमेरिकेत बटाटासुद्धा). तिथली रेघ खरोखर जोर दाखवते.

फ्रेंचमध्ये जोर एकेकट्या शब्दाचा नसतोच, एका दमात बोललेल्या शब्दगटाचा असतो. नुसतं ‘अं काफे’ म्हणा, ‘फे’ उठून येईल. ‘अं काफे न्वार’, म्हणजे काळी कॉफी, म्हटलं की जोर ‘न्वार’वर सरकतो आणि ‘काफे’ सपाट होतो. याचं मूळ लॅटिनपर्यंत जातं. जोराच्या अक्षरापुढचा भाग फ्रेंचमध्ये झिजत गेला; ‘आमीकुम’मधलं ‘कुम’ गळालं आणि ‘आमी’ (मित्र) उरला. जोर होता तिथेच राहिला, शब्दच आखूड झाला.

मग ‘काफे’वरची रेघ कशासाठी? तिला ‘आक्सां तेग्यू’ म्हणतात आणि ती स्वर सांगते. ‘मार्श’ म्हणजे चालतो, ‘मार्शे’ म्हणजे बाजार. स्पेलिंग एकच, फरक फक्त शेवटच्या रेघेचा. ती काढली की तो स्वर मुका. उलट्या बाजूला कललेली ‘ग्राव्ह’ रेघ याच अक्षरावर आली तर उच्चार मोकळा, ‘पॅर’ (वडील) सारखा. पण ‘ऊ’ म्हणजे ‘किंवा’ आणि ‘ऊ’ म्हणजे ‘कुठे’ यांत ती निव्वळ डोळ्यांसाठी आहे. कानाला दोन्ही सारखेच.

मला सगळ्यांत आवडते ती टोपी, ‘सिर्कोंफ्लेक्स’. पुष्कळदा ती मेलेल्या ‘स’ची खूण असते. ‘फोरे’ आणि ‘ओपिताल’ यांतला ‘स’ इंग्रजीच्या ‘फॉरेस्ट’ आणि ‘हॉस्पिटल’मध्ये अजून ऐकू येतो. फ्रेंचमध्ये तो बोलण्यातून केव्हाच गेला होता, लिहिण्यात मात्र रेंगाळला. फ्रेंच अकादमीच्या १७४०च्या कोशाने असे मुके ‘स’ मोठ्या प्रमाणावर काढून टोप्या बसवल्या. आपल्या ‘नांव’मधला अनुस्वारही असाच जुन्या उच्चाराचा अवशेष, तो १९६२च्या नियमांनी गेला. फ्रेंचांनी १९९०मध्ये ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवरची टोपी ऐच्छिक केली, पण ‘म्यूर’ (पिकलेला) वरची ठेवली, नाहीतर त्याची ‘म्यूर’ म्हणजे भिंत झाली असती.

भावनेच्या भरात फ्रेंच माणूस ‘फोर्मिदाब्ल’ (जबरदस्त) मधल्या ‘फोर’वरही जोर देतो. त्याला लिहिण्यात कुठलीच खूण नाही.