वाचकांचे प्रश्न : रोमच्या अवशेषांतून गाईडबरोबर चालताना

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघेही साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक, येत्या एप्रिलमध्ये पाच दिवस रोममध्ये असणार आहोत. तेथील प्राचीन अवशेष गाईडबरोबर पायी फिरून पाहण्याची तीन तासांची सहल घ्यावी, असे पत्नीचे म्हणणे आहे. आमचा मुलगा मात्र म्हणतो की सगळी माहिती मोबाइलवर मिळते, गाईडवर पैसे कशाला घालवता? माझी स्वतःची शंका वेगळी आहे. या सहलीत अवशेषांबरोबर रोमच्या आख्यायिकाही सांगतात, असे कळते. लांडगीचे दूध पिऊन वाढलेल्या जुळ्या भावांच्या कथा ऐकून इतिहास कसा समजणार? आपण काय सुचवाल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सहल अवश्य घ्यावी, आणि ती आख्यायिकांसकटच घ्यावी. माझे हे मत दोन भेटींनंतर बनलेले आहे. पहिल्या वेळी मी एका मोठ्या सहलगटाबरोबर गेले होते. चाळीस माणसांच्या पुढे छत्री उंचावून चालणाऱ्या गाईडने फोरम या प्राचीन रोमच्या मध्यवर्ती चौकातल्या एका विटांच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून ‘येथे ज्युलियस सीझरचा खून झाला’ असे ठामपणे सांगितले आणि आम्ही सर्वांनी ते टिपूनही घेतले. खून तेथे झालेला नाही. इ.स.पू. ४४च्या १५ मार्चला सीझर मारला गेला तो पाँपे या रोमन सेनापतीने बांधलेल्या सभागृहात, आणि ती जागा फोरमपासून काही अंतरावर, आजच्या लार्गो दी तोर्रे अर्जेंतिना या चौकात, रस्त्याच्या पातळीच्या बरीच खाली आहे. २०२३पासून तेथे पायवाटा बांधून ती पर्यटकांना खुली केलेली आहे. फोरममध्ये त्याचे शव आणून दहन केले गेले, त्या जागी पुढे ऑगस्टसने त्याचे मंदिर उभारले, आणि त्या मंदिराचा उरलेला उंचवटा म्हणजे मला दाखवलेला तो ढिगारा. आजही लोक तेथे फुले ठेवून जातात. दुसऱ्या भेटीत आठ-दहा जणांच्या लहान गटात, पुरातत्त्व शिकलेल्या एका बाईंबरोबर मी तीच वाट चालले, तेव्हा त्याच दगडांना पहिल्यांदा अर्थ आला. त्यामुळे आपला प्रश्न गाईड घ्यावा की नाही एवढाच नसून कसा गाईड घ्यावा, असाही आहे.

आख्यायिकांविषयी आपण नाशिकचे असल्याने एक जवळचे उदाहरण देते. आपल्या गावाजवळच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात; आतले शिलालेख मात्र सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचे आणि क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे आहेत. पांडवांची कथा सांगू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण कथा कोणती आणि दगडावर कोरलेले काय, हे दोन्ही वेगळे करून सांगणारा भेटला तर लेणी दुप्पट कळतात. रोममध्ये नेमके हेच करावे लागते, आणि ते मोबाइलवर वाचून होत नाही, कारण कोणत्या दगडापाशी उभे राहून कोणती गोष्ट ऐकायची, हे तेथे कळीचे असते.

रोम्युलस आणि रेमस यांचेच पाहा. युद्धदेव मार्स आणि रेआ सिल्व्हिया यांची ही जुळी मुले टायबर नदीत सोडली गेली, लांडगीने त्यांना पाजले, फाउस्टुलस नावाच्या गुराख्याने वाढवले. मोठेपणी शहर कोठे वसवायचे यावरून भावांत वाद झाला, तेव्हा पक्ष्यांचा शकुन पाहिला गेला. रेमसला अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरून सहा गिधाडे दिसली, रोम्युलसला पॅलाटाइनवरून बारा, आणि पुढे नव्या तटावरून उडी मारल्याबद्दल रेमस मारला गेला. रोमन विद्वान वॅरोच्या गणितानुसार शहराची स्थापना इ.स.पू. ७५३मध्ये झाली, आणि २१ एप्रिल हा तिचा दिवस परंपरेने ठरलेला आहे. आता पॅलाटाइनवर चला. प्राचीन रोमन लोक या टेकडीवर ‘रोम्युलसची झोपडी’ म्हणून कुडाची एक गवताने शाकारलेली झोपडी जपत असत. ती मोडली की जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधत. संगमरवरी मंदिरांच्या आणि खुद्द सम्राट ऑगस्टसच्या घराच्या शेजारी ती उभी होती. कोणाला ती निव्वळ भाबडी श्रद्धा वाटेल. पण १९४८ साली टेकडीच्या त्याच कोपऱ्यात उत्खनन झाले, तेव्हा मऊ खडकात खणलेली झोपड्यांच्या खांबांची भोके सापडली आणि ती इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकांतली निघाली. यावरून रोम्युलस खरा ठरत नाही. मात्र त्या सुमारास येथे गवती झोपड्यांत राहणाऱ्या माणसांची वस्ती होती, एवढे निश्चित होते, आणि कथेला त्या वस्तीची आठवण शेकडो वर्षे धरून ठेवता आली असावी, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. खडकातली ती गोल भोके पाहताना मला आपल्याकडच्या खोपटाच्या मेढी आठवल्या.

उलट बाजूचे उदाहरणही तेथेच मिळते. कॅपिटोलाइन संग्रहालयात जुळ्यांना पाजणाऱ्या लांडगीची प्रसिद्ध कांस्यमूर्ती आहे. ती इ.स.पू. पाचव्या शतकातली, रोमच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांनी घडवलेली मूर्ती म्हणून दीर्घकाळ दाखवली जात असे. तिच्याखालची दोन्ही बाळे पंधराव्या शतकात बसवलेली आहेत, हे आधीपासून माहीत होते. अलीकडच्या चाचण्यांनंतर लांडगी स्वतःच मध्ययुगातली, अकराव्या-बाराव्या शतकांच्या आसपासची असल्याचे अनेक अभ्यासक मानू लागले. जो गाईड हे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

फोरममध्ये एक जागा अशी आहे की जिच्यावरून मी आता कोणत्याही गाईडची पारख करते. तिचे नाव लाकुस कुर्तिउस, म्हणजे कुर्तिउसचे तळे. आज तेथे पत्र्याच्या छपराखाली थोडी खोलगट, फरसबंदी जमीन एवढेच दिसते, आणि बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. नावाबद्दल खुद्द रोमनांत तीन कथा चालत होत्या आणि वॅरोने तिन्ही नोंदवल्या आहेत. पहिली अशी की जमीन दुभंगली, रोमची सर्वांत मोलाची वस्तू तिच्यात टाकल्याशिवाय ती मिटणार नाही अशी देववाणी झाली, तेव्हा मार्कुस कुर्तिउस या तरुणाने शस्त्रांनिशी घोड्यावर बसून त्या भेगेत उडी घेतली. परंपरेने हे इ.स.पू. ३६२मध्ये घडले. दुसरी म्हणते की रोम्युलसशी लढताना मेत्तिउस कुर्तिउस हा शेजारच्या सबाइन जमातीचा घोडेस्वार येथल्या दलदलीत रुतला होता. तिसरीत शौर्य नाही, केवळ कामकाज आहे. येथे वीज पडली आणि कुर्तिउस नावाच्याच एका कॉन्सलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, सिनेटच्या आदेशावरून जागेला कठडा घातला. आमच्या बाईंनी तिन्ही कथा सांगितल्या, आणि मग चौथी गोष्ट सांगितली : हे सारे खोरे मुळात दलदलीचे होते, पाणी नदीकडे काढून देण्यासाठी क्लोआका माक्सिमा हा मोठा नाला बांधला गेल्यावरच येथे बाजारपेठ आणि सभा भरू लागल्या. तळे, दलदल, दुभंगलेली जमीन : या साऱ्यांच्या तळाशी ओली माती आहे. ज्या गाईडला घोड्यावरची उडी तेवढी माहीत असते, तो गोष्ट सांगतो, पण जागा दाखवत नाही.

मुलाला सांगण्यासाठी आणखी एक खूण देते. फोरममधल्या बॅसिलिका एमिलिया या जुन्या सभागृहाच्या संगमरवरी फरशीवर हिरवट डाग आहेत. वाकून पाहिले तर ते लहान लहान गोल असल्याचे लक्षात येते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या इमारतीला आग लागली, तेव्हा वितळून फरशीत रुतलेली ती तांब्याच्या मिश्रधातूची नाणी आहेत. ४१०मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले, त्या घटनेशी ही आग जोडली जाते. माझ्या पहिल्या भेटीत मी या फरशीच्या शेजारून गेले होते आणि मला काहीही दिसले नव्हते. फार लांब नाही, तेथेच सम्राट अंतोनिनुस आणि त्याची पत्नी फाउस्तिना यांचे मंदिर आहे, त्याचे पुढे चर्च झाले. त्याचा दरवाजा आजच्या पायऱ्यांपासून कित्येक फूट वर, भिंतीत अधांतरी लटकल्यासारखा दिसतो, कारण तो बसवला तेव्हा जमीनच तेवढी वर आलेली होती. गाळ आणि राडारोडा साचत साचत फोरम बुजला, त्यावर गुरे चरू लागली आणि लोक त्याला गाईंचे मैदान म्हणू लागले. नंतरच्या उत्खननाने माती खाली गेली, दरवाजा मात्र राहिला. मधल्या हजार-बाराशे वर्षांत काय झाले, ते त्या एका दरवाजाकडे पाहून समजते.

आता व्यवहाराचे. इटलीत गाईडचे काम करायला सरकारी परवाना लागतो. ओळखपत्र मागायला संकोच करू नये. कोलोसियमच्या बाहेर ‘रांग चुकवून देतो’ म्हणत मागे लागणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. कोलोसियमच्या तिकिटावर नाव आणि वेळ असते, म्हणून पासपोर्टवरचेच नाव नोंदवावे आणि तो सोबत ठेवावा. गट शक्यतो दहा-बाराच्या आतला निवडावा. आपले वय लक्षात घेता सकाळी व्हिया दी सान ग्रेगोरिओ या रस्त्यावरच्या दारातून आधी पॅलाटाइन चढून जावे आणि तेथून फोरमकडे उतरत यावे. उलट दिशेने आल्यास दुपारच्या उन्हात चढ लागतो. व्हिया साक्रा या जुन्या रस्त्याचे काळे दगड गुळगुळीत आणि उंचसखल आहेत, त्यावर चपला उपयोगाच्या नाहीत, बूटच हवेत. आपला मुक्काम २१ एप्रिलच्या आसपास असेल तर शहराच्या वाढदिवसानिमित्त रोमन वेषातली मिरवणूक निघते, तीही पाहावी.

प्रश्न : आमच्याबरोबर नऊ वर्षांची नात असेल. तिला तीन तास चालणे जमेल का, आणि कत्तलींच्या गोष्टी तिने ऐकाव्यात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तीन तास सलग चालू नये, मध्ये बसावे. पाण्याची चिंता नको. रोमच्या रस्त्यांवर वाकड्या नळीचे लोखंडी नळ जागोजागी अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी पिण्याचे असते. नळाच्या तोंडावर बोट दाबले की वरच्या छोट्या भोकातून कारंजे उडते. हे नातीला आधी दाखवा.

गोष्टी निवडता येतात, आणि चांगला गाईड मुले पाहून त्या निवडतो. रोमवर चालून आलेले गॉल लोक रात्री गुपचूप कॅपिटोलाइन टेकडी चढत असता कुत्रे झोपून राहिले आणि जूनो देवीच्या पवित्र हंसिणींनी कलकलाट करून पहारेकऱ्यांना जागे केले, ही गोष्ट तिला नक्की आवडेल. पण मी तिला सर्वप्रथम वेस्टा देवीच्या पुजारिणींच्या घराच्या अंगणात नेईन. नगरीचा अग्नी विझू न देण्याचे काम सहा जणींकडे असे, त्यांची निवड सहा ते दहा वर्षांच्या वयातच होई, आणि त्या तीस वर्षे सेवेत राहत. म्हणजे निवड झाली तेव्हा त्या आपल्या नातीएवढ्याच होत्या, हे तिला तेथे उभे असताना सांगावे. अंगणात त्यांच्या पुतळ्यांचे चौथरे आहेत. एका चौथऱ्यावर प्रमुख पुजारिणीची स्तुती जशीच्या तशी आहे, नाव मात्र छिन्नीने खरवडून काढलेले आहे. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून असे झाले असावे, असा तर्क करतात. मुले अशा खाडाखोडीपाशी फार वेळ थांबतात, त्यांना थांबू द्यावे.

प्रश्न : निघण्यापूर्वी महाराष्ट्रात रोमशी संबंधित काही पाहता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल, आणि आपल्याला तर ते जवळच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातले तगर. पैठणचेही नाव त्याच वर्णनात आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी. इ.स. ७९च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि रोमहून जलद रेल्वेने नेपल्स सुमारे सव्वा तासावर आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची वीतभरही उंच नसलेली कांस्यमूर्ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे.

रोममध्ये याच धाग्याचे दुसरे टोक शोधायचे तर फोरममधल्या माक्सेंतिउसच्या बॅसिलिकेपाशी थांबा आणि गाईडला मिरीच्या कोठारांविषयी विचारा. सम्राट डोमिशियनने बांधलेली मसाल्यांची गोदामे त्या प्रचंड कमानींच्या खाली आहेत. प्लिनी या रोमन लेखकाने काळी मिरी रत्तलाला चार देनारी (रोमन चांदीची नाणी) भावाने विकली जात असल्याचे नोंदवले आहे. ती मलबारहून, मोसमी वाऱ्यांवर जाणाऱ्या जहाजांतून येत असे. आपला गट लहान असेल, तर हा प्रश्न सहलीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावा. वाट त्या बाजूने वळवता येते.