टाकी धुण्याचा अध्यादेश

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या नोटिसा मी इंग्रजीत लिहितो. टाकी धुवायची होती म्हणून ‘द कमिटी हिअरबाय प्रॉमल्गेट्स दॅट...’ अशी सुरुवात केली. बी विंगमधले एक वकील वाचून हसले, पण का ते सांगेनात. शब्दकोशात तर अर्थ ‘जाहीर करणे’ असाच दिला आहे. मग बिघडलं कुठे? आणि अनाउन्स, प्रोक्लेम, नोटिफाय या भावंडांत फरक काय?
— एक सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, वकिलांचं हसणं मनावर घेऊ नका, पण तो शब्द नोटिशीतून काढा. टाकी धुणार ही बातमी आहे आणि बातमी ‘अनाउन्स’ करतात. प्रॉमल्गेट करायचं तर हाती तसा अधिकार हवा, आणि जे जाहीर करायचं ते लोकांवर बंधनकारक होणारं हवं : कायदा, अध्यादेश (सभागृह भरलेलं नसताना सरकारने काढलेला तात्पुरता कायदा), नियम. शिवाय या क्रियापदापुढे ‘दॅट’ लावून वाक्य जोडत नाहीत. थेट कर्म येतं. ‘प्रॉमल्गेट ॲन ऑर्डिनन्स’, बस्स.

सरकारी अनुवादाच्या टेबलावर माझी सारी नोकरी झाली. अध्यादेशाचा मसुदा आला की मराठीत ‘प्रख्यापित करणे’ हे ठरलेलं. नवी मुलं ‘जारी करणे’ लिहायची आणि आमच्या बाई लाल शाईने खोडायच्या. वर्तमानपत्रात सरकार अध्यादेश ‘काढतं’, राजपत्रात तो ‘प्रख्यापित’ होतो. घटनेतही राष्ट्रपतींसाठी अनुच्छेद १२३ आणि राज्यपालांसाठी २१३ यांत हाच शब्द आहे. सभागृहांनी मंजूर केलेल्या विधेयकाला मात्र आपल्याकडे हे क्रियापद लावत नाहीत. त्याला ‘अनुमती’ मिळते. फ्रान्समध्ये उलट, तिथे संसदेने केलेला कायदाही राष्ट्राध्यक्ष प्रॉमल्गेटच करतात.

या शब्दाचं वजन कळायला एक खटला सांगते. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने अफूचा कायदा नुसत्या ठरावाने मंजूर केला. ना राजपत्रात छापला, ना दवंडी पिटली. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५१ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस (आपल्या नागपूरचे) यांनी निकाल दिला : जो कायदा लोकांना कळायची सोयच केली नाही, तो त्यांच्यावर लादता येणार नाही. बंद खोलीत झालेला ठराव प्रॉमल्गेट किंवा पब्लिश झाल्याशिवाय कायदा म्हणून उभा राहत नाही.

आणि ‘री’ लावून हाच शब्द बदनामही झाला आहे. विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेश आपोआप संपतो. बिहार सरकारने युक्ती काढली : संपत आला की तोच पुन्हा प्रख्यापित करायचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं चाळून हिशेब मांडला : १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश, त्यांतले काही चक्क १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. तेच न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये घटनापीठाने ही पद्धत घटनेशी केलेली फसवणूक ठरवली. राजपत्रासारखा कोरडा ऐवज इतक्या चिकाटीने वाचणाऱ्याला माझा कायमचा नमस्कार.

आता भावंडं. ‘प्रोक्लेम’मध्ये थाट आहे, चारचौघांत मोठ्याने सांगणं आहे. १ नोव्हेंबर १८५८ ला अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगने वाचला तो राणीचा जाहीरनामा, म्हणजे प्रोक्लमेशन. आणीबाणीचीही ‘उद्घोषणा’च होते. ‘नोटिफाय’ मुळात माणसाला करतात, ‘नोटिफाय द मेंबर्स’. पण आपल्या सरकारी इंग्रजीत नियमसुद्धा नोटिफाय होतात, म्हणजे त्यांची अधिसूचना निघते. लंडनचा माणूस यावर भुवया उंचावेल; उंचावू दे, इथे ते रूढ आहे. ‘डिस्क्लोज’ आणि ‘डायव्हल्ज’ वेगळ्याच घरातले : आधी झाकलेलं उघड करणं. पैकी दुसऱ्यात गुपित फोडल्याचा वास जास्त. तुमच्या खात्यातली शिल्लक सभेपुढे ‘डिस्क्लोज’ करा, ‘डायव्हल्ज’ नको, नाहीतर सभासद संशयाने बघतील.

सोसायटीच्या उपविधींसाठी तरी हा शब्द चालेल का, असं पुढचं पत्र येणारच, म्हणून आत्ताच सांगते : नाही. उपविधी सर्वसाधारण सभा स्वीकारते, तिथे ‘ॲडॉप्ट’ लिहा. मत किंवा शिकवण पसरवण्यासाठी मात्र प्रॉमल्गेट चालतं, तिथे राज्यपाल असावे लागत नाहीत. उच्चारताना जोर पहिल्या ‘प्रॉ’वर द्या.