बाबांचा सीईए आणि तलावपाळीची विडी

प्रश्न : बाबांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. सीईए (कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) १८ वरून ९ वर आलाय. रिपोर्टात ५ च्या आत हवा म्हणतात. आईने जेवण सोडलंय.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी आईंना जेवायला वाढा. आकडा निम्म्यावर आलाय की! रक्तातलं हे प्रथिन पूर्ण उतरायला चार-सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी तपासायची घाई कुणी केली? महिन्याने त्याच लॅबमध्ये करा. तेव्हाही चढाच राहिला, तर मात्र सर्जन स्कॅन सांगतील. आणि बाबा तलावपाळीवर फिरायला जाऊन हळूच विडी ओढत नाहीत ना? धूम्रपानानेही सीईए वाढतो. गाठीच्या रिपोर्टात ‘एमएमआर’ प्रथिनांची, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, ओळही शोधा. आजार दुसऱ्या टप्प्यात असून ती प्रथिनं गायब असतील, तर पुढचं चित्र सहसा बरं असतं.