जर्मनीत नवी सायकल घेतलीस ना?

मग पुण्याच्या सवयी आधी सोड. लाल सिग्नल तोडलास तर 60 युरो दंड आणि वर एक पॉइंट, म्हणजे वाहतूक गुन्ह्यांच्या सरकारी नोंदीत तुझ्या नावावर एक दंडगुण. सायकलवाला म्हणून सूट नाही. हातात मोबाइल दिसला, 55. फुटपाथवरून दामटलीस, तरी 55 पासून पुढे.

सगळे गंडतात ते दिव्यात. मीही पहिल्याच हिवाळ्यात गंडलो: संध्याकाळचे पाच, मिट्ट काळोख, आणि माझा दिवा खोलीत चार्जिंगला! 20 युरो गेले. दिवा घेताना त्यावर नागमोडी रेघ, के अक्षर आणि आकडे कोरलेत का बघ. तो मान्यतेचा शिक्का. लुकलुकणारा स्वस्त दिवा चालत नाही.

आणि हो, बिअर पिऊन सायकल काढू नकोस. रक्तात 1.6 प्रति हजार अल्कोहोल सापडलं की थेट फौजदारी गुन्हा. त्या रात्री सरळ ट्रॅम पकड.