फराळाच्या पाकिटावर जुन्या पाटीसारखं नक्षीदार अक्षर हवंय, कुठला फॉन्ट घेऊ?

घरगुती फराळाच्या लेबलसाठी जुन्या वळणाचं, जरा गमतीदार अक्षर हवंय आणि ते फुकट मिळावं असं म्हणताय ना, मग सरळ यात्रा वन घ्या. मी डीटीपीचं काम करतो, लेबलं, पत्रिका, मेनू कार्ड हेच रोजचं, आणि मराठीत जुना बाज हवा असला की माझा हात आधी ह्याच फॉन्टकडे जातो.

कॅथरीन ली श्मिट यांनी केलेला आहे, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक, टोक कसं तिरकं सुटतं, ते सगळं त्यात उतरलंय. मला सगळ्यात जास्त आवडतात ती त्यातली इंग्रजी अक्षरं. एरवी बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी इंग्रजीच्या मापात ओढूनताणून बसवलेली दिसते, इथे उलट आहे, रेघेचा कल देवनागरीचा आणि इंग्रजी तिच्या मागून चालते. R ची कंबर, म्हणजे मधला सांधा, खाली आणि Y ची वर, आपल्याकडच्या पाट्यांवर असते तशीच! त्यामुळे वर मराठीत आणि खाली इंग्रजीत नाव टाकलंत तरी दोन्ही एकाच पेंटरने रंगवल्यासारखं वाटतं.

पण हा फॉन्ट फक्त नावापुरता, आणि मोठ्या साइझमध्ये. साहित्य, वजन, तारीख, फोन नंबर हे सगळं मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये घ्या, नाहीतर पाकीट हातात घेऊन गिऱ्हाईक नुसतं डोळे बारीक करत बसेल. आणि बोल्डचं बटण अजिबात दाबू नका, यात्राला एकच जाडी आहे, वेगळा बोल्ड नाहीच, बोल्ड केलं की सॉफ्टवेअर आपल्या मनाने रेघ फुगवतं आणि ब्रशची सगळी मजा जाते.

लहान मुलांच्या खाऊचं पाकीट असेल तर ‘एक टाइप’ (Ek Type) नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मोदक हा फॉन्ट बघा. नावासारखाच गुबगुबीत, अक्षराच्या आतली पांढरी जागा म्हणजे जेमतेम एक चीर. मोठ्या साइझमध्ये फारच गोड दिसतो, पण बारीक छापला की शाई पसरून ती चीर बुजते आणि नुसते काळे गोळे उरतात.

कोणीतरी अल्जेरियन सुचवेलच. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कंपनीचा, १९०८ च्या सुमारासचा, चांगला फॉन्ट आहे, पण त्यात मराठी नाहीच, इंग्रजीही फक्त कॅपिटल, आणि लग्नपत्रिकांपासून लॉजच्या बोर्डापर्यंत इतका वापरलाय की तुमची चकली त्यात हरवून जाईल.

यात्रा आणि मोदक दोन्ही गुगल फॉन्ट्सवर मिळतात, लायसन्स ओपन आहे, विकायच्या मालावर बिनधास्त वापरा. प्रेसला फाइल देताना मात्र अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं नुसत्या आकारांत रूपांतर करून द्या, त्यांच्या मशीनवर फॉन्ट नसला तर भलताच फॉन्ट येतो आणि वेलांट्या, रफार कुठेही जाऊन बसतात.