संशोधन पहिल्यांदाच शिकवताय? आधी प्रश्न नेमका करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ प्रश्नावर द्या. मुलं ‘प्रदूषण’ असा भलामोठा विषय आणतात आणि दिसेल ते गोळा करत सुटतात. त्याचं ‘शाळेसमोर वाहनांचा आवाज कोणत्या वेळी सर्वांत जास्त असतो?’ होईपर्यंत शोधाशोध सुरूच करू देऊ नका. दोन तास गेले तरी चालतील, खरंच.

मग एवढंच:
- विकिपीडियावर बंदी नको; लेखाखालच्या संदर्भांपर्यंत जायला शिकवा.
- अनोळखी संकेतस्थळ कोण चालवतं, हे दुसरीकडे शोधायला लावा.
- टिपण मूळ मजकूर झाकून, स्वतःच्या शब्दांत. शेजारी लगेच स्रोत. कॉपी-पेस्टची सवय इथेच मोडते.

संदर्भसूचीचे बारीक नियम पहिल्याच आठवड्यात काढू नका, मुलं तिथेच कंटाळतात. आणि थेट तयार प्रकल्प मागण्यापेक्षा आधी प्रश्न तपासा, मग टिपणं, मग कच्चा मसुदा. जमेल तुम्हाला, बिनधास्त सुरू करा.