'आणि'चं 'आणी' आणि जिन्यातला 'जि'

प्रश्न असा आहे की भुजंगप्रयातात, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या वृत्तात, चहावर विनोदी श्लोक लिहायला घेतलाय, पहिल्या दोन ओळी अशा झाल्यात:

चहा, दूध आणी जरा वेलदोडा
जगाचे बखेडे जिन्याशीच सोडा

तर 'आणि'चं 'आणी' केलेलं चालतं का, आणि मित्र म्हणतो 'जिन्याशीच'मधला 'जि' जोडाक्षरामुळे गुरू (लांब, दोन मात्रांचा) होतो म्हणून ओळ चुकली, हे बरोबर का?

आधी मित्राचं बघू कारण ते जास्त मजेचं आहे. मित्र चुकतोय. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं हा नियम आपण शाळेत घोकतो, पण मराठीत त्याला अट आहे की त्या अक्षरावर आघात पडला पाहिजे. 'कन्या' म्हणून बघा, 'क' वर जोर येतोच, म्हणून तो गुरू. 'जिन्या' म्हणा, 'जि' वर काहीच जोर नाही, लघूच (आखूड, एका मात्रेचा) राहिला. 'तुझ्या', 'तुम्ही' यातला 'तु' पण तसाच. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'पुण्याला'. पुणे शहराला जाताना 'पु' लघू, आणि पाप-पुण्यातल्या पुण्याला म्हणताना 'पु' गुरू! लिहायला अक्षर न् अक्षर सारखं, वृत्तात मात्र दोन वेगळे शब्द. त्यामुळे कागदावर खुणा करत बसण्याआधी शब्द मोठ्याने म्हणायचा, मराठीत हाच खरा उपाय आहे.

आता 'आणी'. चालीत तिथे गुरू हवा म्हणून 'णि'चा 'णी' केलाय. नियमाने चालतं, साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतच वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला दिलेली आहे. शिवाय बोलताना आपण शेवटचा 'णि' लांबवतोच, म्हणजे कानाला खटकत नाही, फक्त डोळ्याला खटकतं. (म्हणून मी 'दूध'चं 'दुध' करण्यापेक्षा 'आणी' कितीतरी बरं म्हणेन.) पण माझं प्रामाणिक मत, विनोदी श्लोकात ही सूट घेऊच नये. गंभीर कवितेत वाचक अर्थात गुंतलेला असतो, एखादी मात्रा सोडून देतो. इथे गंमतच अशी आहे की चाल मनाच्या श्लोकांची आणि विषय वेलदोड्याचा, २०५ श्लोक ऐकत आपण मोठे झालो, ती चाल कानात पक्की आहे, आणि ती जितकी बिनचूक चालेल तितका वेलदोडा हसवतो. वाचक 'आणी'ला अडखळला की 'हे काय लिहिलंय' असा विचार करायला लागतो आणि हसू तिथेच गेलं.

उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. 'आणी' काढा, 'आलं' घाला:

चहा, दूध, आलं, जरा वेलदोडा

'आ' गुरू, 'लं' वर अनुस्वार म्हणून तोही गुरू. एक अक्षर न ओढता ओळ बसली आणि चहा पण सुधारला.

पुढच्या ओळींसाठी एक सांगतो. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा 'यमाता', लघू-गुरू-गुरू, एका ओळीत १२ अक्षरं. म्हणजे दोन लघू कधीच शेजारी येत नाहीत. म्हणून 'कडक' इथे येऊच शकत नाही, तीनही लघू. 'साखर' पण नुसती अडते, पण 'साखरेचा' केलं की 'ख' एकटा लघू उरतो आणि बसतो. प्रत्यय लावून बघणं हीच यातली सगळ्यात कामाची युक्ती. 'चहाला', 'कपाला', 'बशीला' हे सगळे आयते यमाता आहेत, आणि 'दूध'ला प्रत्यय लागला की 'दू' आपोआप ऱ्हस्व होतो, 'दुधाला', तोही यमाता, आणि शुद्धलेखनाची सूट मागायची वेळच येत नाही.

तिसऱ्या ओळीत 'उकळी' आणायचा विचार असेल तर तिथे 'उ' आणि 'क' दोन्ही लघू आहेत, नाही बसणार. 'उकाळा' चालेल का बघा.